लंबूचं कोपर

ज्या वर्षी विमानं बंद झाली त्या वर्षी आम्ही दोघी विहिणी परदेशात, क्लोनडॉकिनला, माझ्या मुलाच्या घरात अडकलो. खरं तर आमची गाठ आठ दिवसांचीच होती. बाळंतपणाला सुनेच्या आईनं यायचं आणि नात दोन महिन्यांची झाली की घर माझ्या हाती सोपवून पुण्याला परत जायचं, असं ठरलेलं. मी फेब्रुवारीच्या शेवटी पोचले. त्यांनी मला शेगडी कशी लावायची, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते दाखवलं, स्वतःची बॅग भरली, आणि त्यांचं विमान रद्द झालं. पुढे खास विमानं सुटू लागली तेव्हा पुण्यात आजार फार होता. मुलगी आईला सोडेना. त्या ऑक्टोबरपर्यंत राहिल्या.

मी त्यांचा हेवा करत होते. हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. मुलाच्या ऑफिसची एक कोरी डायरी पडून होती, ती मी मागून घेतली. सामानाची यादी लिहायला हवी, असं मी सांगितलं.

विहीणबाई पुण्यात शाळेत गणित शिकवायच्या. मंगळवेढ्याकडच्या गावात माझी चौथी झाली आणि दप्तर खुंटीला लागलं. शेजारची बाई कुंपणावरून काही बोलली की विहीणबाई दारात उभ्या राहून अर्धा तास इंग्रजीत हसायच्या, आणि मी हात ओले असल्याचं निमित्त करून आत पळायची. त्या सुनेच्या आई, म्हणून माझा मुलगाही त्यांना आईच म्हणायचा. त्यानं "आई" अशी हाक मारली की आम्ही दोघी बघायचो. पहिले काही आठवडे मी बघायची. मग मी मान वर करणं सोडलं, कारण दहातल्या आठ हाका त्यांच्यासाठी असायच्या. त्यांना तो अहोजाहो करतो आणि मला अगंतुगं, एवढंच काय ते माझ्या बाजूचं.

मुलगा घरातूनच काम करायचा. वरच्या लहान खोलीत टेबल होतं, तिथे सकाळी दार लागायचं ते संध्याकाळी सहाला उघडायचं. त्याची कंपनी अमेरिकेची, आणि ऑफिसातले बाराजण मिळून अमेरिकेच्या बेसबॉलचा एक खेळ खेळायचे. तो काय खेळ आहे हे मला समजायला दोन आठवडे लागले, तेही पोळ्या लाटता लाटता ऐकून. तिकडचे खरे खेळाडू ह्या बाराजणांनी आपसांत वाटून घेतलेले. ज्याच्या वाट्याचा खेळाडू तिकडे खऱ्या सामन्यात चांगला खेळेल, त्याला इकडे गुण. दरवर्षी प्रत्येकाला खर्चायला खोटीच पण ठरलेली रक्कम. म्हणून नावाजलेला महाग खेळाडू घेतला की बाकीचा संघ लंगडा पडायचा. शहाणा माणूस कोवळे खेळाडू स्वस्तात घ्यायचा आणि मोठे होईपर्यंत वाट बघायचा.

माझ्या मुलानं दोन कोवळे पोरगे तीन वर्षांपासून धरून ठेवले होते. दोघेही चेंडू फेकणारे. त्यांची नावं माझ्या जिभेला वळेनात, म्हणून मी मनात त्यांना लंबू आणि डावरा म्हणायची. लंबू विहिरीच्या रहाटाच्या खांबासारखा उंच, आणि डावरा डाव्या हातानं फेकणारा, बुटका, सारखं काहीतरी चघळणारा. दोघांना मोठ्या सामन्यात अजून उतरवलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा उतरवलं. मैदानं रिकामी होती. खुर्च्यांवर माणसांऐवजी पुठ्ठ्याचे चेहरे बसवले होते. मला ते आवडायचं. माणसं नाहीत, नुसते चेहरे, आणि कुणी तुमच्याशी बोलायला येणार नाही.

तिकडे दुपार असायची तेव्हा आमच्याकडे सहा वाजायचे. चहा व्हायचा, मुलगा खाली येऊन सोफ्यावर बसायचा, आणि त्याच्या शेजारी विहीणबाई. त्यांच्याकडे एक निळी वही होती. तिच्यात पट्टीनं रकाने आखून त्या प्रत्येक फेकीचं काहीबाही लिहायच्या आणि आठवड्याच्या शेवटी त्याची सरासरी काढायच्या. मुलाला त्याचं फार कौतुक. "आई, तुम्ही आमच्या ऑफिसात या, ग्रँड काम होईल," म्हणायचा. त्या हसायच्या, चष्मा वर करायच्या. मी मागे जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत बसायची. तिथून टीव्ही नीट दिसायचा, पण मी बघतेय हे कुणाला दिसायचं नाही.

ऑगस्टात एका गुरुवारी सौदा आला. लिमरिकला राहणाऱ्या त्याच्या ऑफिसातल्या एकानं कळवलं की लंबू आणि डावरा दोन्ही मला दे, मी तुला माझा बाहेरच्या कडेचा गडी देतो. हा गडी मैदानाच्या टोकाला उभा राहून उंच आलेले चेंडू झेलायचा, आणि बॅटही बरी चालवायचा. फार मोठा नव्हे, पण भाव कमी, आणि पुढची तीन वर्षं त्याच भावात राहणारा. मुलाच्या संघाला नेमकी तीच जागा रिकामी होती. रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

घरात तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

"अजिबात द्यायचे नाहीत," विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तीन वर्षं सांभाळलेत ना? आता कुठे फळ धरतंय. झाड तोडून बाजारातून पेरू आणायचे का?"

"पण आई, फेकणाऱ्यांचं काही खरं नसतं. आज आहे, उद्या नाही. हा कडेचा रोज खेळणार."

"रोज खेळून मधलाच राहणार. माझी सरासरी बघा. लंबूचा वेग दर सामन्याला वाढतोय."

लंबू हे नाव त्यांनीही घेतलेलं ऐकून मी शेंग मोडायची थांबले. मी ते नाव फक्त नातीला सांगितलं होतं, तिला मांडीवर झोपवताना. त्यांनी ते ऐकलं होतं आणि आपलं करून टाकलं होतं. मुलगा हसला, "लंबू! मस्त नाव ठेवलंत." त्याही हसल्या. ते नाव मी ठेवलेलं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

सून नातीला दूध पाजत म्हणाली, "आई, तू माझ्या लग्नाला एवढा विचार केला नव्हतास."

"तुझा सौदा सोपा होता. समोरून एकच आला होता," विहीणबाई म्हणाल्या, आणि तिघंही हसत सुटले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "विहीणबाई, तुमचं काय मत? द्यायचे की ठेवायचे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला काय कळतंय त्यातलं," म्हटलं आणि शेंगांच्या साली उचलून ओट्याकडे गेले. त्यांनी विचारलं ते चांगुलपणानं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, ही बाई माझ्या मुलाच्या घरात पाहुण्याला विचारावं तसं मला विचारतेय. आणि मुलानं तर विचारलंच नव्हतं. मला तेवढंच हवं होतं. त्यानं एकदा वळून म्हणावं, आई, तुला काय वाटतं.

शुक्रवारी लंबूचा सामना होता. मी तेव्हा मेथी निवडत होते. तिसऱ्या की चौथ्या डावात माझे हात थांबले.

हे समजावं म्हणून थोडं मागचं सांगते. चौथी संपल्यावर मला ज्वारीच्या राखणीला बसवलं होतं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरतात. शेताच्या मधोमध चार मेढींवर माळा बांधायचा, त्यावर दिवसभर उभं राहायचं आणि गोफण फिरवायची. एक पदर बोटात अडकवायचा, दुसरा चिमटीत धरायचा, मधल्या झोळीत खडा. डोक्यावरून दोन फेरे आणि चिमूट सोडायची. मला ते काम जिवापाड आवडायचं, कारण माळ्यावर कुणाशी बोलावं लागत नाही. तिसऱ्या वर्षी उजवं कोपर दुखायला लागलं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खाली उतरवून बायकांच्या टोळीत खुरपायला घातलं असतं. मग मी लपवायला शिकले. हात डोक्यावरून न्यायच्या ऐवजी थोडा कडेनं न्यायचा आणि जोर कमरेतून काढायचा. त्यानं खडा उलट जास्त लांब जातो, काही दिवस. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी तयार झाली. आणि खडा सुटला की डाव्या हातानं पोलक्याची उजवी बाही ओढायची, जणू ती वर सरकली आहे. खरं तर कोपराची आतली बाजू दाबायची असते. वडलांना कळलं तेव्हा दुसऱ्या वर्षीची ज्वारी आली होती. माझा उजवा हात अजूनही मानेमागे नीट जात नाही. बुचडा मी डाव्या हातानं घालते, कसातरी.

लंबू तेच करत होता. हात कडेनं येत होता. कमर पुढे जात होती. आणि प्रत्येक फेकीनंतर तो डाव्या हातानं उजव्या बाहीची शिवण ओढत होता.

"बघा, वेग आणखी वाढला!" विहीणबाई वहीत लिहीत म्हणाल्या.

मुलानं त्यांच्यासाठी ती फेक परत लावली, मग हळू करून लावली. मी टेबलाशी उभीच राहिले. पुन्हा बाही. मला एवढंच म्हणायचं होतं, बाळा, ह्या पोराचं कोपर दुखतंय, देऊन टाक. एका वाक्यात सौदा झाला असता. लिमरिकवाल्याला दोघे, आपल्याला कडेचा गडी. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं.

मी ते गिळलं. लाजेनं गिळलं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. मला वाटलं, ठेवू देत. ह्यांच्या सरासरीवर ठेवू देत. मग बघू दे त्याला निळ्या वहीत काय असतं आणि काय नसतं.

शनिवारी मी दिवसभर गोड बोलत होते. विहीणबाईंना आवडतं म्हणून थालीपीठ केलं. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या हातची चव काही वेगळीच." मी म्हटलं, "कशाचं ओ ताई, ज्वारीचं पीठ न्हाई हितं, त्याशिवाय काय चव." त्यांनी दोन खाल्ली. त्या खात असताना माझ्या मनात काय होतं ते त्यांना दिसलं असतं तर त्यांनी ताट सरकवलं असतं.

रविवारी चहाच्या वेळी मुलानं उत्तर पाठवलं. नाही. फोन ठेवून तो म्हणाला, "आई, तुमच्यामुळे वाचलो. मी जवळजवळ दिलेच होते." विहीणबाईंनी वहीवर थाप मारली. मी नातीची टोपी विणत होते, उलटा टाका घालायचा तिथे सुलटा घातला गेला, आणि मी तो उसवला नाही. ती चूक त्या टोपीत अजून आहे.

दोन आठवडे झाले असतील. तोवर लंबूनं दोन सामने आणखी चांगले खेळले. विहीणबाई घरभर गुणगुणत फिरायच्या. मला वाटायला लागलं, माझंच चुकलं, म्हातारपणी मला सगळीकडे माझं कोपर दिसतंय. आणि खरं सांगते, मला त्याचं दुःख झालं.

मग एका संध्याकाळी लंबूनं चेंडू फेकला आणि हात तसाच लोंबत ठेवून उभा राहिला. चेंडू कुठेतरी भलतीकडेच गेला होता. माणसं धावत आली. पुठ्ठ्याचे चेहरे होते तसेच हसत होते. तो पोरगा मान खाली घालून चालत निघाला, उजवं कोपर डाव्या हातात धरून. आता बाही ओढायचं नाटक उरलं नव्हतं.

मला झाला तो आनंद होता. मी दुसरं नाव देऊ शकत नाही.

दोन दिवसांनी कळलं की कोपराची शस्त्रक्रिया होणार आणि लंबू वर्षाहून जास्त काळ खेळणार नाही. मुलगा फोनकडे बघत नुसता "हं" म्हणाला. लहानपणी परीक्षेत मार्क कमी पडले की असाच म्हणायचा आणि जेवायचा नाही. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. खोटा खेळ, खोटे पैसे, पण इतके महिने त्या वरच्या खोलीत एकटं बसून काम करणाऱ्या माणसाला तेवढंच होतं दिवस संपायची वाट बघायला. ह्याचा विचार मी आधी केलाच नव्हता. मी फक्त त्यांच्या वहीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता विहीणबाई खाली आल्या नाहीत. मी चहा घेऊन वर गेले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, वही मिटलेली.

"मी त्याचं नुकसान केलं हो," त्या म्हणाल्या. "शिकवायची सवय वाईट. आपल्याला सगळं येतं असं वाटतं."

मी चहा ठेवला. मला हवं होतं ते हेच होतं की. आता ते समोर बसलं होतं, चष्मा काढून, डोळे पुसत.

खाली आले तर मुलगा फोनवर ती जुनी फेक पुन्हा पुन्हा बघत होता. सून नातीला घेऊन पार्कात गेली होती. मी त्याच्या मागे उभी राहिले आणि म्हणाले, "तवाच दुखत हुतं त्याचं."

"काय?"

"कोपर. ही बघ बाही वडतोय. हात कडंनं आणतोय. लई दिवस दुखत असणार."

त्यानं वळून बघितलं. "तुला कसं माहीत?"

मी हात वर करून दाखवला. आधी नीट फेकायचा तो, मग दुखायला लागल्यावर फेकायचा तो. जिथे अडकतो तिथे अडकला. त्याला माहीत होतं आईचा हात वर जात नाही. का जात नाही, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

"तू त्या शुक्रवारी बघितलंस हे?"

"बघितलं."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"तू इचारलंस कुठं."

मला तिथेच थांबता आलं असतं. सगळा दोष त्याच्यावर जाऊन बसला असता आणि मी गरीब आई राहिले असते. पण वर ती बाई वही मिटून बसली होती.

"आणि त्यांचं चुकावं असं वाटलं मला," मी म्हणाले. "तुझ्या सासूबाईंचं."

तो हसला नाही, रागावलाही नाही. "तुम्ही दोघी पण ना," एवढंच म्हणाला आणि वर जाऊन विहीणबाईंना खाली घेऊन आला. त्यांना त्यानं कोपराचं सांगितलं. हेव्याचं सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

पुढच्या आठवड्यात लिमरिकवाल्यानं पुन्हा विचारलं. लंबू तर गेला, आता एकटा डावरा दे आणि कडेचा गडी घे. सौदा आधीपेक्षा चांगला होता. एकाच्या बदल्यात एक, आणि रिकामी जागा भरणार. विहीणबाई ह्या वेळी म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही बाई." पण त्यांच्या वहीतली डावऱ्याची सरासरी मी बघितली होती. त्यांना तो ठेवायचा होता, चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मुलानं सोफ्यावर माझ्यासाठी जागा केली. "आई, ये. ह्याचा हात बघ. द्यायचा का?"

मी भाजीची पाटी बाजूला ठेवली आणि जाऊन बसले. त्यानं मला विचारलं होतं. सगळा उन्हाळा ज्याची वाट बघितली ते आलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की खरं उत्तर दिलं तर ते विहीणबाईंच्या पदरात पडेल. डावरा नीट फेकत होता. हात मानेपासून सरळ, सुटल्यावर सैल, बाहीला स्पर्श नाही, नुसतं चघळणं चालू. मी तीन वेळा लावायला सांगितलं. काहीतरी खोट दिसेल म्हणून बघत होते. दिसली नाही.

"हात चांगला हाय," मी म्हणाले. "ठेव."

"नक्की?"

"नक्की."

"बघा!" विहीणबाईंच्यानं राहवलं नाही. "माझीही सरासरी तेच सांगत होती!" त्यांनी लगेच वही उघडली, पट्टी घेतली आणि शेवटी एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, कोपर. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगा विहीणबाई, काय काय बघायचं ते. बाही, आणि?" मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. माळ्यावर जे शिकायला मला तीन वर्षं आणि एक हात लागला, ते त्यांनी पाच ओळींत उतरवून घेतलं. मुलगा त्यांच्या अक्षराकडे कौतुकानं बघत होता. माझ्या आत पुन्हा तेच टोचलं, पण मी सांगायची थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर डाव्या हातानं बुचडा घालत होते. विहीणबाई दारातून बघत होत्या, मला कळलं नव्हतं. त्या आत आल्या, काही न बोलता माझ्या हातातला कंगवा घेतला आणि केस विंचरायला लागल्या. मी नको म्हटलं नाही. त्यांनी घट्ट, गोल बुचडा घातला, एक पिन इकडून, एक तिकडून. तो दिवसभर सुटला नाही. इतका चांगला मला कधीच जमला नव्हता, हात धड होता तेव्हाही नाही.